गोळी परस्पर बंद करू नये, प्रश्न मात्र विचारावा

बायपासनंतर पतीला सतत थकवा येतो, म्हणून मेटोप्रोलॉल ही नाडी व रक्तदाब आटोक्यात ठेवणारी गोळी घरच्या घरी बंद करून पाहावी का, असे ताईंनी विचारले आहे. तसे मुळीच करू नये. हे बीटा ब्लॉकर गटातले औषध एकाएकी थांबवल्यास नाडी आणि रक्तदाब उसळून छातीत दुखू लागण्याचा धोका असतो. डॉक्टरांना मात्र जरूर विचारावे. नौपाड्यात आमच्या घरी यजमानांना शस्त्रक्रियेनंतर रामिप्रिल ही रक्तदाबाची गोळी सुरू झाली आणि कोरड्या खोकल्याने त्यांची झोप उडाली. छातीचे हाड अजून जुळायचे होते, त्यामुळे प्रत्येक उबळीला ते उशी छातीशी घट्ट धरून बसत. महिनाभर खोकल्याचे औषध पाजून (उपयोग शून्य) झाल्यावर मी दिनदर्शिकेवरच्या नोंदी पुढे ठेवून ‘हा खोकला गोळीचा तर नसेल?’ असे विचारले, तेव्हा डॉक्टरांनी ती बदलून टेल्मिसार्टन दिली आणि काही आठवड्यांत खोकला थांबला. ताईंनीही सकाळ-संध्याकाळची नाडी व रक्तदाब लिहून न्यावा; नाडी ५० च्या खाली जात असेल किंवा चक्कर येत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करावा. अ‍ॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन मात्र बहुधा आयुष्यभरासाठीच असतात, शेजारी काहीही सांगोत.