फायनल इयर प्रोजेक्टचा रिपोर्ट: सुरुवात कुठून करावी, काय ठेवावं, काय गाळावं?

शेवटचं_सेम

नमस्कार मंडळी. आम्ही चौघं, शाखा इलेक्ट्रॉनिक्स. प्रोजेक्ट आहे तीन सेलच्या लिथियम-आयन बॅटरी पॅकवर लक्ष ठेवण्याचा. ईएसपी३२ (वायफाय असलेला छोटा मायक्रोकंट्रोलर) व्होल्टेज, करंट आणि तापमान मोजतो, वायफायवरून डेटा पाठवतो आणि लॅपटॉपवरचं एक मॉडेल चार्ज किती टक्के उरलाय ते सांगतं. हार्डवेअर चालतंय. रिपोर्ट द्यायला तीन आठवडे आहेत आणि लिहून झालीत फक्त प्रस्तावनेची बारा पानं, त्यातली नऊ बॅटरीच्या इतिहासावर.

लिहायला कुठून घ्यावं? रिझल्टच्या प्रकरणात स्क्रीनशॉटशिवाय काय असतं? कोड किती छापायचा? आणि वर्ड की लाटेक (आज्ञा लिहून मांडणी करायची प्रणाली)?

ओहमचा_नियम

इतिहासाची नऊ पानं अर्ध्या पानावर आणा. परीक्षक ती वाचत नाहीत, आणि वाचलीच तर त्यातलंच काहीतरी विचारून अडवतात.

छापण्याचा क्रम आणि लिहिण्याचा क्रम वेगळा असतो. आधी सगळे आलेख, तक्ते आणि सर्किटच्या आकृत्या एका फाईलमध्ये नुसत्या ओळीने लावा, प्रत्येकाखाली "यातून काय कळतं" याचं एक वाक्य. ती ओळ नीट लागली की रिझल्टचं प्रकरण अर्धं झालं. मग डिझाईन आणि चाचणीची पद्धत, मग पूर्वीच्या कामाचा आढावा, मग प्रस्तावना आणि निष्कर्ष, सगळ्यात शेवटी सारांश. प्रस्तावना आधी लिहिली की तिच्यात "अत्यंत अचूक, कमी खर्चिक, रिअल-टाइम" अशी आश्वासनं जातात आणि पुढे त्यांपैकी एकाचाही आकडा सापडत नाही. उद्दिष्टं तीन ते पाच ठेवा आणि प्रत्येकासमोर पेन्सिलने तक्ता किंवा आकृतीचा क्रमांक लिहा. ज्याच्यासमोर काहीच लिहिता येत नाही ते उद्दिष्ट काढा, नाहीतर त्याची चाचणी घ्या. अजून वेळ आहे.

डिझाईनच्या प्रकरणात बहुतेक जण ईएसपी३२ ची डेटाशीट (कंपनीची माहितीपुस्तिका) उतरवून काढतात. "ड्युअल कोअर, २४० मेगाहर्ट्झ" हे कुणालाही सापडतं. तुम्ही काय निवडलं आणि का, ते तिथे हवं. तुमच्याच व्होल्टेज डिव्हायडरचं (पॅकचं व्होल्टेज पिनला झेपेल इतकं कमी करणाऱ्या दोन रेझिस्टरच्या जोडीचं) बघा. पॅक पूर्ण चार्ज असताना १२.६ व्होल्ट. वर १०० किलोओहम आणि खाली २७ किलोओहम घेतले तर पिनवर साधारण २.६८ व्होल्ट येतात. पिनच्या ३.३ व्होल्टच्या मर्यादेच्या आत आहे म्हणून सोडून देऊ नका. ईएसपी३२ च्या एडीसीचा (व्होल्टेजचं आकड्यात रूपांतर करणाऱ्या भागाचा) भरवशाचा पल्ला सर्वाधिक अॅटेन्युएशनवर सुमारे ०.१५ ते २.४५ व्होल्ट आहे, त्यावर वक्र वाकतो. खाली २२ किलोओहम घेतले तर २.२७ येतात आणि काम होतं. दोन्ही रेझिस्टर मिळून सोर्स इम्पिडन्स १८ किलोओहम होतो, म्हणून पिनवर १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर. आणि वायफाय चालू असताना एडीसी२ च्या पिन वाचता येत नाहीत, म्हणून एडीसी१ ची पिन. एवढा एक परिच्छेद डेटाशीटच्या सहा पानांना भारी आहे.

पुढचा हिशेब तर कुणीच देत नाही. १ टक्का टॉलरन्सचे रेझिस्टर दोन्ही विरुद्ध दिशेला चुकले तर या डिव्हायडरच्या गुणोत्तरात सुमारे १.६ टक्के फरक पडतो. १२.६ व्होल्टवर तो ०.२ व्होल्ट. ५ टक्क्यांचे रेझिस्टर असतील तर थेट १ व्होल्टच्या आसपास. म्हणजे कॅलिब्रेशन न करता "±०.०५ व्होल्ट अचूकता" असं लिहिलं असेल तर ते वाक्य पहिल्याच प्रश्नात पडतं.

शेवटचं_सेम

रेझिस्टर ५ टक्केवालेच आहेत. कॅलिब्रेशन केलंय, मल्टिमीटरशी ताडून. ते कसं लिहू?

ओहमचा_नियम

मल्टिमीटरची पुस्तिका उघडा. समजा त्यात डीसी व्होल्टसाठी ±(०.५% + २ डिजिट) दिलंय आणि तुमच्या रेंजवर एक डिजिट म्हणजे ०.०१ व्होल्ट. मग १२ व्होल्टला ०.०६ अधिक ०.०२, म्हणजे मीटर स्वतःच ±०.०८ व्होल्टने चुकू शकतो. त्याच्याशी ताडून ०.०२ व्होल्टची अचूकता सांगता येत नाही.

बऱ्याच रिपोर्टमध्ये असं असतं:

"प्रणालीची चाचणी घेण्यात आली व ती अत्यंत समाधानकारकरीत्या कार्य करते असे आढळून आले."

त्याऐवजी (आकडे नमुन्यादाखल, तुमचे तुम्ही घाला):

"९.० ते १२.६ व्होल्ट या पल्ल्यात ०.४ व्होल्टच्या टप्प्याने दहा बिंदूंवर प्रत्येकी २० वाचने घेतली. कॅलिब्रेशनपूर्वी सर्वाधिक त्रुटी ०.६१ व्होल्ट होती. पाच बिंदू वापरून सरळ रेषा बसवली. उरलेल्या पाच बिंदूंवर सर्वाधिक त्रुटी ०.०४ व्होल्ट आली. संदर्भ मीटरची अनिश्चितता ±०.०८ व्होल्ट असल्याने प्रत्यक्ष अचूकता त्याहून चांगली असल्याचा दावा करता येत नाही."

कॅलिब्रेशनचे बिंदू आणि तपासणीचे बिंदू वेगळे, हे विसरू नका. ज्या बिंदूंवरून रेषा काढली त्यांवरच तपासलं की त्रुटी नेहमी गोंडस दिसते.

आणि १२.४३७८१ असलं काही छापू नका. अनिश्चितता दुसऱ्या दशांश स्थळावर असेल तर आकडाही तिथेच थांबवा.

अवशेष

मॉडेलबद्दल लिहितो, कारण इथेच सर्वांत जास्त गडबड होते. डेटा ट्रेन (मॉडेलला शिकवायचा) आणि टेस्टमध्ये (तपासायचा) कसा विभागलाय? दर सेकंदाची वाचनं रँडम ८०-२० विभागली असतील तर तुमचा निकाल धरता येणार नाही. १०:००:०१ चं वाचन ट्रेनमध्ये आणि १०:००:०२ चं टेस्टमध्ये, दोन्ही जवळपास सारखीच. मॉडेल शिकलेलं नसतं, शेजारचं उत्तर पाहून सांगत असतं. विभागणी पूर्ण डिस्चार्ज सायकलप्रमाणे करा: काही सायकली फक्त ट्रेनला, काही फक्त टेस्टला. स्केलिंगचे किमान-कमाल किंवा सरासरी आकडेही फक्त ट्रेनच्या डेटावरून काढा. असं केल्यावर त्रुटी वाढेल. वाढू दे, तीच खरी.

रिपोर्टमध्ये एकूण सायकली किती, कोणत्या तापमानाला, किती करंटने, आणि खरा चार्ज तुम्ही कशावरून ठरवलात, हे चारही हवं. शेवटचा प्रश्न तोंडी परीक्षेत हमखास येतो. कुलंब मोजून, म्हणजे करंट वेळेनुसार बेरजेत घेऊन, ठरवला असेल तर करंट सेन्सरच्या ऑफसेटचा (कायम राहणाऱ्या चुकीचा) हिशेब द्या. १० मिलिअँपिअरचा ऑफसेट दहा तासांत १०० मिलिअँपिअर-अवर होतो, म्हणजे २५०० च्या सेलवर ४ टक्के. मॉडेलची त्रुटी २ टक्के दाखवलीत आणि ज्याच्याशी तुलना केली तेच ४ टक्क्यांनी सरकलेलं असेल, तर पुढे बोलायला काही उरत नाही.

तुलनेला एक साधी पद्धत ठेवा. नुसत्या व्होल्टेजवरून तक्ता पाहून चार्ज सांगितला तर किती चूक होते? तिच्यापेक्षा मॉडेल किती चांगलं, हा आकडा "९७ टक्के अॅक्युरसी" पेक्षा कितीतरी बोलका. मुळात इथे उत्तर टक्क्यांतला आकडा आहे, वर्ग नाही, त्यामुळे अॅक्युरसी हा शब्दच लागू नाही. सरासरी निरपेक्ष त्रुटी आणि आरएमएसई (त्रुटींच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) द्या, शिवाय त्रुटी विरुद्ध चार्ज असा आलेख काढा. त्रुटी वक्राच्या सपाट मधल्या भागात वाढतेय की शेवटच्या २० टक्क्यांत, ते त्यात दिसतं आणि चर्चेला दोन पानं मिळतात.

मार्जिन_दीड_इंच

मांडणीचं मी घेतो. कॉलेजचं टेम्प्लेट असेल तर तेच, वाद नाही. नसेल तर ए४, डावीकडे बाइंडिंगसाठी दीड इंच, बाकी तिन्ही बाजूंना एक इंच, मजकूर १२ पॉइंट, ओळींत दीडपट अंतर.

वर्डमध्ये करणार असाल तर पहिल्याच दिवशी तीन गोष्टी. शीर्षकं हाताने ठळक न करता हेडिंग १, २, ३ स्टाईल लावा. अनुक्रमणिका आपोआप होते. आकृतीचं नाव "इन्सर्ट कॅप्शन" ने द्या आणि मजकुरातला उल्लेख "क्रॉस-रेफरन्स" ने. हाताने "आकृती ४.३" लिहिलं की मध्ये एक आकृती घुसल्यावर पुढचे सगळे क्रमांक चुकतात. तिसरं, सुरुवातीच्या पानांना रोमन आणि पुढे १, २, ३ असे क्रमांक हवे असतील तर मध्ये "सेक्शन ब्रेक, नेक्स्ट पेज" टाका आणि फूटरमधलं "लिंक टू प्रीव्हियस" बंद करा. ते चालू राहतं म्हणूनच सगळ्यांचे पान क्रमांक बिघडतात.

शेवटी कंट्रोल-ए, मग एफ९. अनुक्रमणिका आणि क्रॉस-रेफरन्स ताजे होतात. नंतर पीडीएफमध्ये "एरर" हा शब्द शोधा. कॅप्शन उडवलेली असेल तर उल्लेखाच्या जागी "रेफरन्स सोर्स नॉट फाउंड" ठळक अक्षरांत छापून येतं, आणि नेमकं ते पान उघडलं जातं.

आलेखांचे स्क्रीनशॉट लावू नका. मॅटलॅब किंवा पायथनमधून व्हेक्टर स्वरूपात काढा, पीडीएफ किंवा एसव्हीजी. चित्रच हवं असेल तर १५ सेंटीमीटर रुंदीला ३०० डीपीआयने साधारण १७७० पिक्सेल लागतात. आलेख जेवढा छापायचा तेवढ्याच रुंदीचा बनवा. ३० सेंटीमीटरचा बनवून १५ वर आणला की १२ पॉइंटची अक्षरं ६ पॉइंटची होतात. अक्षांवर राशीचं नाव आणि एकक दोन्ही हवं. रेषांना रंगासोबत ठिपके-तुटक असा फरकही द्या, कारण एखादी प्रत काळी-पांढरी निघतेच.

बायनरी_बाबू

लाटेक घ्या, वर्डची ही सगळी कसरत वाचते.

मार्जिन_दीड_इंच

चौघांपैकी तिघांनी कधी वापरलं नसेल तर तीन आठवड्यांत शिकायला जाऊ नका. येत असेल तर जरूर.

बायनरी_बाबू

तेही खरं. वापरलंतच तर दोन गोष्टी: लेबल कॅप्शनच्या नंतर लिहा, आधी लिहिलं की आकृतीऐवजी सेक्शनचा क्रमांक येतो. आणि पीडीएफमध्ये "??" दिसलं तर बिबटेक चालवून पुन्हा दोनदा कंपाईल करा.

कोडबद्दल: सगळा छापू नका. मुख्य भागात फ्लोचार्ट आणि जिथे खरोखर तुमची युक्ती आहे ते १५-२० ओळींचे तुकडे. वाचनं सरासरी करण्याचा भाग किंवा वायफाय तुटल्यावर पुन्हा जोडणारा भाग, असं काही. बाकीचा परिशिष्टात किंवा रिपॉझिटरीचा पत्ता, सोबत ज्या कमिटवर (कोडच्या जतन केलेल्या आवृत्तीवर) चाचण्या घेतल्या त्याचा हॅश, म्हणजे ओळखक्रमांक. नुसता पत्ता दिला आणि नंतर कोड बदलला तर रिपोर्टमधले आकडे कोणत्या कोडचे ते तुम्हालाही सांगता येणार नाही. लायब्ररींच्या आवृत्त्याही लिहा. आणि प्रत छापण्याआधी कोडमधला वायफायचा पासवर्ड काढा. हसू नका, छापलेला असतो.

शेवटचं_सेम

खूपच उपयोगी. अजून दोन शंका. पूर्वीच्या कामाचा आढावा म्हणून पंधरा पेपरांचे सारांश एकाखाली एक लिहिलेत, ते चालेल? आणि आमच्या एका चाचणीत वायफाय तुटल्यावर मधला डेटा हरवतो. ती चाचणी गाळावी का?

अवशेष

पंधरा सारांश म्हणजे आढावा नव्हे. पेपर पद्धतीप्रमाणे गटांत घाला: व्होल्टेजवर आधारित, कुलंब मोजणाऱ्या, काल्मन फिल्टरवाल्या (मोजमाप आणि गणिती अंदाज यांची सांगड घालणाऱ्या), मशीन लर्निंगवाल्या. एक तक्ता करा: पद्धत, कोणत्या सेलवर, कोणत्या तापमानाला, किती त्रुटी, काय केलेलं नाही. या शेवटच्या रकान्यातूनच तुमच्या कामाची जागा निघाली पाहिजे. निघत नसेल तर पेपर चुकीचे निवडलेत. आठ नीट वाचलेले पुरतात.

सारांश एआयकडून लिहून घेतले असतील तर संदर्भयादीतला प्रत्येक डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) स्वतः उघडून पाहा. अस्तित्वातच नसलेले पेपर अगदी खऱ्यासारख्या नावांनी येतात. रिपोर्टचं इतर मजकुराशी साम्य तपासताना व्याख्या आणि डेटाशीटमधून उचललेली वाक्यं पकडली जातात. ती शब्द फिरवून लपवण्यापेक्षा काढून टाका, बहुतेकांची गरजच नसते.

ओहमचा_नियम

चाचणी गाळू नका. चाचण्यांच्या तक्त्यात रकाने ठेवा: क्रमांक, कोणत्या परिस्थितीत, काय अपेक्षित, काय मिळालं, किती वेळा घेतली, निकाल. तुमची ओळ अशी: राउटर ६० सेकंद बंद; अपेक्षित, एकही वाचन हरवू नये; मिळालं, ६० पैकी अमुक वाचनं हरवली; पाच वेळा; अनुत्तीर्ण. खाली कारण: वाचनं फक्त रॅममधल्या छोट्या रांगेत राहतात, ती भरली की जुनी पुसली जातात. उपाय: फ्लॅशमध्ये साठवून जोडणी आल्यावर पाठवणं. पुढील कामाच्या प्रकरणात हाच मुद्दा घ्या, "मोबाईल अॅप बनवता येईल" यापेक्षा तो वजनदार आहे. प्रात्यक्षिकाच्या वेळी वायफाय तुटलंच तर तक्त्यातली ओळ दाखवता येते.

मार्जिन_दीड_इंच

चौघांनी चार प्रकरणं लिहिली की एकात "नोड", दुसऱ्यात "मॉड्यूल", तिसऱ्यात "युनिट" असं एकाच बोर्डाला म्हटलेलं सापडतं, आणि एकाच त्रुटीचा आकडा सारांशात एक, निष्कर्षात दुसरा. शेवटचे दोन दिवस एकाच माणसाच्या हातात फाईल द्या. त्याने फक्त संज्ञा, एककं आणि आकडे जुळवायचे. छापायला वर्ड फाईल न देता पीडीएफ द्या, फॉन्ट एम्बेड करून, आणि आधी एकच प्रत काढून आकृत्यांची पानं बघा. मगच बाइंडिंग.