स्टिल्टमधली (बिल्डिंगखालच्या पार्किंगमधली) लाल गाडी (सोसायटी ग्रुप, पर्वरी)

कामत काकी १०१: आज परत सकाळी सहाला लाल गाडी चालू. माझ्या बेडरूमच्या बरोबर खाली. खिडकी लावून घेतली तरी वास आत येतो. गेल्या मीटिंगमध्ये काय ठरलं होतं ते ज्यांना आठवत असेल त्यांनी आठवावं. मी कुणाचं नाव घेत नाही

पै ३०४: नाव कशाला हवं काकी, लाल गाडी बिल्डिंगमध्ये एकच आहे 😀

नाईक २०३: लिफ्ट परत दुसऱ्या मजल्यावर अडकतेय. कुणीतरी बघा.

रोहन ४०२: गुड मॉर्निंग काकी. त्रास होतो ते कळतं मला पण पावसात गाडी उभी राहिली की इंजिन आतून ओल धरतं. ऑइलचं झाकण उघडलं तर आत पांढरं लोण्यासारखं चिकटलेलं. म्हणून रोज पंधरा मिनिटं चालू ठेवतो, ऑइल गरम व्हावं म्हणून. स्पोर्ट्स कार आहे, थंड इंजिन तसंच पळवलं तर वाट लागेल

कामत काकी १०१: पळवतोस कुठे बाबा? पंधरा मिनिटं घुर्र घुर्र करतोस, बंद करतोस आणि स्कूटर काढून पाटोला ऑफिसला जातोस. मी रोज बघते

पै ३०४: 😂😂 काकींचा सीसीटीव्ही

देसाई खजिनदार: सीसीटीव्हीवरून आठवलं. कॅमेऱ्यांचे पैसे काही फ्लॅटनी अजून दिलेले नाहीत.

पै ३०४: माझे दिलेत, चेकने. दरवेळी मोघम "काही फ्लॅट" लिहून सगळ्यांवर संशय कशाला

देसाई खजिनदार: मी कुणाचं नाव घेतलं का पैसाहेब?

रोहन ४०२: आणि सहा वाजता पोदेरचा हॉर्न वाजतो तो चालतो ना सगळ्यांना

कामत काकी १०१: पोदेर पाव देऊन जातो. धूर देऊन जात नाही.

शिरोडकर काका १०३: रोहन, रागावू नको रे, माझी सगळी नोकरी वर्कशॉपात इंजिनं उघडण्यात गेली म्हणून सांगतो. ते पांढरं जातं म्हणून तू जे करतोस ना, त्यानेच ते होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं, वाफ म्हणून. बरीचशी वाफ सायलेन्सरमधून जाते, पण थोडी पिस्टन रिंगांच्या बाजूने खाली ऑइलकडे उतरते. इंजिन पुरतं तापलेलं असलं तर तीच वाफ ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या हवा जायच्या नळीतून, ओढली जाऊन परत सिलिंडरमध्ये जाते आणि बाहेर पडते. थंड असलं तर झाकणाला, आतल्या भिंतींना पाणी धरतं, ऑइलमध्ये घुसळलं जातं आणि पांढरं होतं. जागेवर उभ्या इंजिनावर लोडच नाही तर ऑइल तापणार कसं? काट्यावर दिसतं ते कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान. कूलंट ९० अंशांवर पोचलं तरी ऑइल अजून मागेच असतं. पाणी उडायच्या आधी तू गाडी बंद करतोस, दुसऱ्या दिवशी त्यात आणखी भर. सायलेन्सरमध्येही पाणी साचून आतून गंज. वर थंड इंजिन पेट्रोल जास्त पितं, न जळलेलं भिंतींवरून ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं

पै ३०४: काका हेड गॅस्केट, ते कूलंट ऑइलमध्ये शिरू न देणारं सील, तर नाही ना गेलं? पांढरं म्हटलं की पोटात गोळा येतो

शिरोडकर काका १०३: नुसतं झाकणाला असेल आणि कूलंट कमी होत नसेल तर बहुतेक वाफच. डिपस्टिकवरही (ऑइल मोजायच्या पट्टीवर) दुधाळ दिसलं, कूलंट उतरत असलं, तर गाडी चालूच करायची नाही, टो करून न्यायची.

रोहन ४०२: डिपस्टिक नाही काका ह्या गाडीत, लेव्हल स्क्रीनवर येते. कूलंट जिथल्या तिथे आहे. ऑइलचं तापमान पण दिसतं स्क्रीनवर

शिरोडकर काका १०३: मग तोच आकडा बघ की! स्टार्ट केल्यावर आवाज मोठा येतो तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारा सायलेन्सरच्या वाटेतला डबा, तापवायला आरपीएम चढलेला असतो म्हणून. तो उतरला, अर्धा मिनिट, फार तर एक, की गाडी काढायची. ऑइल ८० च्या वर जाईपर्यंत ३००० आरपीएमच्या आत, अ‍ॅक्सिलरेटर हळू. बीएमडब्ल्यूच्या जुन्या ई४६ एम३ ला आरपीएम मीटरवर दिवे होते, थंड असताना वरच्या आकड्यांशी पेटलेले, ऑइल तापेल तसे एकेक विझायचे. ड्रायव्हरला थांबवायला नाही, हळू चालवायला सांगत होते ते. तापल्यावर मग वीस-पंचवीस मिनिटं सलग चालव, पाणी आपोआप जाईल. रविवारी म्हापसा, कोलवाळ, धारगळपर्यंत जाऊन ये

पै ३०४: पर्वरीचं ट्रॅफिक पार करेपर्यंतच ऑइल तापेल 🤣

नाईक २०३: लिफ्ट परत दुसऱ्या मजल्यावर अडकतेय. सकाळी पण टाकलं होतं.

कामत काकी १०१: शिरोडकर भावजी, तो धूर अंगाला बरा का? माझ्याकडे सासूबाई आहेत, दम्याच्या

शिरोडकर काका १०३: अजिबात नाही वहिनी. कन्व्हर्टर तापेपर्यंत तो काम करत नाही, तोवरचा धूर सगळ्यात वाईट. आणि स्टिल्टमध्ये कोंडतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड. ह्यात गंमत नाही, हे बंदच व्हायला हवं.

रोहन ४०२: ओके. रोज चालू करणं बंद करतो. पण मग बॅटरी उतरते काका, आठवडाभर उभी राहिली की

शिरोडकर काका १०३: बॅटरी मेंटेनर लाव. छोटा चार्जर, लावून ठेवायचा, भरली की स्वतःच कमी होतो. इंजिनाला हात नको. फक्त पार्किंगजवळ प्लग हवा

देसाई खजिनदार: प्लग कुठून? स्टिल्टची वीज कॉमन मीटरवर आहे.

पै ३०४: आणि प्रेशर वॉशरला गाडी धुतात तेव्हा कॉमन टाकीचं पाणी चालतं 🤐

देसाई खजिनदार: तो विषय मीटिंगमध्ये घ्या. ह्या ग्रुपवर नको.

नाईक २०३: लिफ्ट!!!

कामत काकी १०१: रोहन, रविवारी किती वाजता काढणार?

रोहन ४०२: नऊला काकी. शिरोडकर काका येतायत बरोबर, तापमान बघायला. गेटबाहेर नेऊनच थांबेन

देसाई खजिनदार: प्लगसाठी लेखी अर्ज द्यावा. सब-मीटरचा खर्च ४०२ चा, रीडिंग दर महिन्याच्या मेंटेनन्समध्ये धरू. नाईक, लिफ्टवाल्याला फोन केलाय, दुपारी येतो म्हणाला.