मुळशीच्या वाटेवरची केशरी फुलं: सोनकी की दुसरं काही?

गच्चीवाली:
नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी पौडहून ताम्हिणीकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळ्या-केशरी फुलांचे ताटवेच्या ताटवे दिसले. झाड कमरेच्या वर, पानं झेंडूसारखी कातरलेली, फूल एकेरी पाकळ्यांचं. सासरे म्हणतात सोनकी. पण सोनकी केशरी असते का? काही फुलं वाळली होती, त्यातलं मूठभर बी आणलंय. कोथरूडला गच्ची आहे, दुपारपर्यंत चांगलं ऊन येतं. कधी, कसं पेरू? उरलेलं बी पाटणजवळ आमच्या गावच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, टाकावं म्हणते, पुढच्या वर्षी सगळा सडा फुलेल.

सड्यावरचा:
ताई, आधी कळकळीची विनंती. गच्चीत हवं तेवढं लावा, सड्यावर एक दाणाही टाकू नका.

ही सोनकी नाही, हा कॉसमॉस. शास्त्रीय नाव कॉसमॉस सल्फ्युरियस, मूळचा मेक्सिकोकडचा. दोघंही सूर्यफुलाच्या कुळातले, म्हणून लांबून गल्लत होते. जवळ जाऊन पानं कशी फुटलीत ते बघा. कॉसमॉसला पेरापेरावर समोरासमोर दोन पानं, तीही खोल कातरलेली. सोनकीचं पान अख्खं, कडेला दाते असलेलं, आणि एका आड एक येतं. सोनकी निव्वळ पिवळी असते, केशरी कधीच नाही.

तुमच्याकडचं बी तळहातावर घ्या. काळपट, सुईसारखं लांब, आणि टोकाला दोन-तीन काटे. त्या काट्यांवरून नखाने खालून टोकाकडे घासलंत तर उलटी कुसळं लागतील. त्यांच्याच जोरावर ते पँटला, गुरांच्या अंगाला चिकटून गावोगाव जातं.

सड्यावर माती असते जेमतेम काही इंच, खाली जांभा. पावसाळ्यात तिथे गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू येतात, त्यातली बरीचशी वीतभरसुद्धा उंच होत नाहीत. त्यांच्यावर कमरेएवढ्या झाडांची दाटी झाली तर ऊन कुठून मिळणार? 2012 साली कासचं पठार जागतिक वारशात गेलं, ते याच इवल्या फुलांमुळे. तुमच्या गावचा सडा कुठल्या यादीत नसेल, पण मोल तेच आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात तिथे जाऊन बघा, सोनकी आपली आपण उगवलेली असेल.

फुलपाखरू_नाशिक:
दादा, थोडं जास्तच होतंय असं वाटतं. माझ्या बाल्कनीतल्या कॉसमॉसवर रोज फुलपाखरं येतात. त्यांना मध मिळतो, वाईट काय?

सड्यावरचा:
मध मिळतो, हे अगदी खरं. पण फुलपाखराच्या अळीला पानं लागतात, आणि ती ठरावीक झाडांचीच. कॉसमॉसने गवत आणि बारकी रोपं हटवली तर अंडी कुठे घालायची? बाल्कनीतल्या कुंडीला माझा विरोध नाहीच, मीही हौसेने लावतो.

गच्चीवाली:
पानांचं लक्षात आलं, फोटो मोठा करून पाहिला, समोरासमोरच आहेत. सड्याचा बेत रद्द. आता कुंडीचं सांगा.

सड्यावरचा:
छान वाटलं वाचून! नवरात्र झालं की पेरा. दहा-बारा इंची कुंडी, खाली भोकं मोकळी हवीत. साधी माती आणि थोडी वाळू पुरे. शेणखत मूठभरच घाला, जास्त झालं तर झाड नुसतं पाल्यावर जातं. बी अर्धा सेंटिमीटर खोल, आठवड्याभरात उगवतं. एका कुंडीत दोनच रोपं ठेवा. वीतभर झाल्यावर शेंडा खुडा, फांद्या फुटतात. थंडीत दिवस लहान असल्यामुळे झाड बुटकं राहून लवकर फुलतं. जूनमध्ये पेरलेलं मात्र डोक्याएवढं वाढतं, त्याला काठीचा आधार लागतो. कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसला तर पाण्याचा जोरदार फवारा मारा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

गुलाबी-पांढरा हवा असेल तर तो वेगळा, कॉसमॉस बायपिनाटस. त्याची पानं शेपूसारखी बारीक. त्यालाही हाच हंगाम चालतो.

आणि फूल कोमेजलं की लगेच कापा. नवी फुलं येत राहतात आणि बी गच्चीवरून खाली उडत नाही. पुढच्या वर्षासाठी दोन-तीन फुलं झाडावरच वाळू द्या, बी कागदी पाकिटात ठेवा. बाकीची वाळलेली फुलं कंपोस्टमध्ये नकोत, तिथे बी मरत नाही आणि खताबरोबर भलतीकडे पोहोचतं.

गच्चीवाली:
कंपोस्टमध्येच टाकणार होते, बरं झालं सांगितलंत. सासऱ्यांनाही वाचून दाखवते. दिवाळीत पाटणला जाणार आहोत, तेव्हा सोनकी राहिली असेल का?

सड्यावरचा:
दिवाळी लवकर आली तर मिळेल थोडी. त्याआधीच एखाद्या रविवारी जाऊन या.