तिसरी-चौथी एकत्र वर्ग : परिसर अभ्यास आणि मराठी एकाच तासात बसेल असे उपक्रम सुचवा

गिरणाकाठ
रामराम मंडळी. चाळीसगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेवर आहे. पहिली-दुसरी मॅडमकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. पोरं घरी अहिराणी बोलतात, गप्पांना एक नंबर. पण "लिही" म्हटलं की पेन्सिलीला टोक करत बसतात. परिसर अभ्यासाचा तास म्हणजे मी वाचायचं, त्यांनी मागून म्हणायचं आणि प्रश्नोत्तरं फळ्यावरून उतरवायची. पाण्यात विरघळणारे पदार्थ तोंडपाठ, पण चहातली साखर कुठे जाते विचारलं की सगळे छताकडे बघतात.

विज्ञान आणि भाषा दोन्ही साधतील असे उपक्रम हवेत. साहित्य गावात मिळावं, आणि एका इयत्तेला कामाला लावून दुसरीकडे बघता यावं. व्हिडिओच्या लिंका नकोत, इथे रेंजची बोंब आहे.

पांझरेवरची
सर, तुमच्याकडे कापूस आहे ना? मग अजून काय पाहिजे! दोन ग्लास पाणी घ्या. एकात शेतातला कापूस टाका (सरकी काढून), दुसऱ्यात मेडिकलमधला. टाकण्याआधी प्रत्येकाकडून एक वाक्य घ्यायचं : "मला वाटतं ... होईल, कारण ...". चौथीने चिठ्ठीवर लिहायचं, तिसरीने तोंडी सांगायचं. मेडिकलचा कापूस पाणी पितो आणि खाली जातो, शेतातला वर तरंगत राहतो. माझ्या वर्गात एक पोरगा बाकावर चढून ओरडला, "मॅडम, आमना कापूस बुडनाच नही!" मी ते वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं, खाली प्रमाण मराठीत लिहिलं, आणि दोन्ही वाचून घेतली. त्या दिवशी वाचायला कोणी मागे लपलं नाही.

कारण असं की कच्च्या कापसाच्या तंतूवर मेणासारखा पातळ थर असतो. मेडिकलचा कापूस कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळून, ब्लीच करून तो थर काढलेला असतो. नंतर पहिल्या ग्लासात थोडं साबणाचं पाणी घाला, शेतातला कापूसही भिजायला लागतो. "कारण", "म्हणून", "पण" ही उभयान्वयी अव्यये इथे आपोआप येतात, वेगळा तास लागत नाही.

रावेरकर
आमच्याकडे केळी. एकाच फणीतली दोन हिरवी केळी घ्या. एक, पिकलेल्या केळ्यासोबत कागदी पिशवीत बांधा. दुसरं टेबलावर उघडं ठेवा. पिशवीतलं आधी पिकतं, कारण पिकलेल्या फळातून इथिलीन वायू निघतो. पोरांनी रोज एकच वाक्य लिहायचं, पण कालचं विशेषण आज चालणार नाही. "हिरवं" एकदा वापरलं की संपलं. मग हात लावून बघतात, वास घेतात, आणि चिवट, कडक, मऊ, ठिपकेदार असे शब्द यायला लागतात.

याला जोड म्हणून आयोडीन. मेडिकलमधून पोव्हिडोन आयोडीन आणा, चमचाभर पाण्यात काही थेंब टाका. कच्च्या केळ्याच्या चकतीवर टाकलं की निळसर काळं होतं, पूर्ण पिकलेल्यावर जवळजवळ तपकिरीच राहतं. पिकताना पिष्टमय पदार्थाची साखर होते ती अशी डोळ्यांनी दिसते. थेंब तुम्ही स्वतः टाका, आणि चकत्या लगेच फेका. आमची पोरं केळं दिसलं की तोंडात टाकतात.

पेन्शनर मास्तर
सावलीची काठी कोणी सांगितली नाही म्हणून लिहितो. अंगणात मीटरभर काठी ओळंब्याने सरळ उभी करा. शाळा जूनच्या मध्याला उघडते. ऊन पडलं तर पहिल्याच आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमाराला सावली बघा. बोटभरच असते, आणि ती दक्षिणेला पडते! आपला भाग साधारण 21 अंश अक्षांशावर, त्यामुळे त्या दिवसांत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. पुण्याच्या नातेवाइकाला सांगितलं तर त्यालाही खरं वाटत नाही. डिसेंबरच्या 22 तारखेला तीच सावली जवळजवळ काठीइतकी, आणि उत्तरेला. दोरीने मापून दोऱ्या भिंतीला टांगत जायच्या. भाषेसाठी काही वेगळं करू नका. सावलीनेच बोललं पाहिजे : "आज मी एवढीशी आहे..." पोरांना हे आवडतं. पावसाळ्यात ढग असले तर नाद सोडा.

सातपुडा_पायवाट
धडगावकडे पावरी बोलणारी पोरं आहेत माझ्याकडे, तेव्हा सगळ्यांशी थोडं वाकडं बोलते. प्रत्येक प्रयोगानंतर "आता पाच ओळी लिहा" करू नका हो. तिसऱ्या वेळी पोरं प्रयोगालाच घाबरतात. मी आधी नुसतं बोलू देते, त्यांच्याच भाषेत. मग चित्र, आणि चित्राखाली नावं. वाक्याचा नंबर त्यानंतर.

लिहिण्याची गरज पोराला स्वतःला वाटली पाहिजे. त्यासाठी लिंबू सरबत. कृती त्यांनी सांगायची, मी जे सांगितलं तेवढंच करायचं. "लिंबू पिळा" म्हटलं की मी न कापलेलं लिंबू पाण्यावर धरून पिळते. "साखर टाका" म्हटलं की एकच दाणा. हसून लोळतात, मग चिडतात, आणि मग "आधी", "नंतर", "दोन चमचे" सगळं येतं. खडीसाखर आणि पिठीसाखर, गार पाणी आणि कोमट पाणी, कोणती आधी विरघळते ते त्याच ग्लासांत. गिरणाकाठ सर, तुमचा चहाचा प्रश्न इथेच मिटेल.

गिरणाकाठ
भारी! ताई, न लिहिण्याबद्दलचं एकदम पटलं. सोमवारी कापूस, सरबत शनिवारी दप्तराविना शाळा असते तेव्हा. दोन अडचणी : एक, चौथी प्रयोगात असताना तिसरी मध्येच घुसते. दोन, आयोडीनचा डाग गणवेशावर पडला तर आया शाळेत येतील.

पांझरेवरची
घुसू द्या. चौथीतल्या एकेकाला तिसरीतला एकेक जोडून द्या. लहान सांगेल, मोठा लिहील. तुम्ही फक्त गोंधळ ऐकायचा.

रावेरकर
डाग ताजा असताना त्यावर लिंबू पिळा, रंग उडतो. लिंबातलं क जीवनसत्त्व आयोडीनचा रंग घालवतं. काळ्या पडलेल्या केळ्याच्या चकतीवरही पिळून बघा, आणि आधी अंदाज लिहून घ्या. लिंबं मात्र जास्तीची आणा, सरबताची पोरं आधीच संपवतात.