सरेच्या पायवाटा : तुमचे अनुभव लिहा

गिल्डफर्डहून

इंग्लंडात, लंडनजवळच्या सरे काउंटीत (जिल्ह्यात) आले तेव्हा पहिले सात-आठ महिने घर, स्टेशन आणि सुपरमार्केट यांच्या पलीकडे मी गेलेच नव्हते. मग एका शनिवारी शेजारच्या आजी म्हणाल्या, चल, सेंट मार्थाच्या टेकडीवर जाऊन येऊ. वाटेत गव्हाचं शेत लागलं आणि पायवाट थेट उभ्या पिकातून गेलेली. मी बांधावरच थांबले. दुसऱ्याच्या शेतात न विचारता पाय कसा ठेवायचा? आजींनी कुंपणाच्या खांबावरचा पिवळा बाण दाखवला. जमीन कुणाचीही असो, त्या बाणाच्या वाटेने चालायचा हक्क कायद्याने सगळ्यांना आहे. शेतकऱ्याने पेरणी केली तरी वाट मोकळी ठेवायची असते. बाण निळा असेल तर त्याच वाटेवर घोडेस्वार आणि सायकलवालेही येणार.

गहू कमरेला लागत होता. मी हात पसरून, ओंब्यांवरून तळवे फिरवत ते शेत पार केलं. त्या दिवसापासून मी इथे राहायला लागले, असं मला वाटतं.

सरे हिल्सचा हा पट्टा १९५८ पासून संरक्षित आहे. उत्तरेला खडूच्या टेकड्यांची रांग, दक्षिणेला वाळूच्या दगडाच्या टेकड्या आणि मधल्या दरीत टिलिंगबर्न नावाची चिमुकली नदी. लंडनहून गाडीने तासाभराच्या आत पोचता येतं. आपली बरीच मंडळी या काउंटीत राहतात, म्हणून हा धागा काढतेय. मार्गांची यादी नको, ती कुठेही मिळते. एखादी वाट, एखादा दिवस, सोबत कोण होतं, पायाखाली काय होतं, ते लिहा. चुकलेल्या वाटाही लिहा.

डॉर्किंगहून

बॉक्स हिल आमच्या घरापासून जवळ आहे, पण माझ्यासाठी ती टेकडी म्हणजे आईचा एक दिवस आहे.

आई साताऱ्याची. अजिंक्यताऱ्यावर रोज पहाटे जाणारी. ती आली तेव्हा अडुसष्ट वर्षांची होती. टेकडीच्या पायथ्याशी मोल नदी आहे आणि पलीकडे जायला पाण्यात ओळीने दगड रोवलेले आहेत. आईने मोजले, सतरा. काठावर येऊन तिने बूट काढले, मोजे काढले, दोन्ही हातात घेतले. मी म्हणाले, "आई, दगड कोरडे आहेत, घाल की." ती म्हणाली, "नदी ओलांडताना पायात काही नसावं." आणि साडी किंचित वर खोचून एकेका दगडावर पाय टेकवत ती निघाली. मधल्या दगडावर वाकली, बोटं पाण्यात बुडवली आणि डोळ्यांना लावली. समोरून एक कुटुंब येत होतं. ते आपणहून मागे फिरलं आणि ती काठाला लागेपर्यंत उभं राहिलं.

दगडांच्या गोष्टीत आपलाही एक धागा आहे. दुसऱ्या महायुद्धात शत्रूला नदी ओलांडता येऊ नये म्हणून आधीचे दगड काढून टाकले होते. १९४६ मध्ये नवे बसवले आणि त्यांचं उद्घाटन ब्रिटनचे पंतप्रधान ॲटली यांनी केलं. पुढच्याच वर्षी आपल्याला स्वातंत्र्य मिळालं तेव्हाही पंतप्रधान तेच होते. आईला हे सांगितलं तर ती दगडांकडे वळून पुन्हा एकदा बघत राहिली.

पुढे पायऱ्यांची चढण खडी आहे. पाऊस झाला की उघडा खडू साबणासारखा निसरडा होतो, बुटांना चांगली पकड हवीच. वर सॅलोमन्स स्मारकाचा कठडा आहे. लिओपोल्ड सॅलोमन्स यांनी ही टेकडी विकत घेऊन १९१४ मध्ये राष्ट्राला देऊन टाकली. तिथून खाली डॉर्किंग, पलीकडे लीथ हिल, आणि हवा स्वच्छ असेल तर क्षितिजावर साउथ डाउन्स टेकड्यांची निळी रेघ. आईने डब्यातून आणलेले धपाटे आम्ही तिथे खाल्ले. आई आता नाही. मी दर फेब्रुवारीत त्या दगडांपाशी जाते. कधी कधी पाणी इतकं चढलेलं असतं की एकही दगड दिसत नाही. मग पुलावरून जाते.

चिलवर्थजवळून

वर सेंट मार्थाच्या टेकडीचा उल्लेख आला म्हणून लिहितो. तिच्या दक्षिण पायथ्याशी टिलिंगबर्नच्या काठाने जरूर चाला. वाट सपाट आहे, झाडी दाट आहे, आणि गवतात मोठाली दगडी जाती पडलेली दिसतात, शेवाळाने हिरवी झालेली. हा दारूगोळ्याचा कारखाना होता. १६२६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने तो इथे काढला. सोरा, गंधक आणि कोळसा दळायचा, आणि जाती फिरवायला नदीचं पाणी. पुढे हिंदुस्थानातला सोरा गलबतं भरभरून इंग्लंडात येत असे. १९२० पर्यंत इथे बंदुकीची दारू बनत होती.

मी कोल्हापूरचा. लहानपणापासून गडांवर तोफा बघत आलोय. पहिल्यांदा इथे आलो तेव्हा मनात आलं, हा कारखाना सुरू झाला तेव्हा शिवरायांच्या जन्माला अजून चार वर्षं होती. एका जात्यावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिलो. दगड थंड होता, मधल्या भोकात पावसाचं पाणी साचलं होतं आणि त्यात बीच झाडाचं एक पान तरंगत होतं. एवढ्या शांत जागी तो सगळा काळ डोळ्यांपुढे आणणं मला जमलं नाही. दर वर्षी एकदा जातो.

वोकिंगहून

आम्ही पाण्याकाठची माणसं. बेसिंगस्टोक कालवा आमच्या गावातूनच जातो, १७९४ चा. काठाची वाट पूर्वी बोटी ओढणाऱ्या घोड्यांसाठी होती, म्हणून ती रुंद आणि सपाट. पुढे कालवा बंद पडला, गाळाने भरला. स्वयंसेवकांनी शनिवार-रविवार खपून, हाताने गाळ उपसून, दरवाजे नव्याने बसवून तो जिवंत केला. १९९१ पासून पुन्हा बोटी चालू आहेत. हे वाचल्यापासून त्या काठाने चालताना मला त्या माणसांची आठवण येतेच येते.

एकदा लॉकपाशी एका बोटवाल्या बाईंनी हाक मारली, जरा हात लावता का? लॉक म्हणजे दोन्ही बाजूंना लाकडी दरवाजे असलेलं विटांचं खोल कुंड. बोट आत घ्यायची, मागचे दरवाजे लावायचे, पुढच्या बाजूने पाणी सोडायचं. कुंड भरतं तशी बोट वर उचलली जाते. दोन्हीकडचं पाणी एका पातळीला आलं की मगच पुढचा दरवाजा हलतो. त्याच्या लांबलचक दांड्याला पाठ लावायची आणि पायांनी जमीन रेटायची. आधी तसूभरही हलत नाही. मग एकदम सैल पडतो. त्या क्षणी माझ्या पाठीला जे जाणवलं ते मी अजून विसरलेले नाही.

या काठाने पश्चिमेला दोनेक तास निवांत चाललं की ब्रुकवुड येतं. तिथलं मोठं कब्रस्तान १८५४ चं आहे आणि त्यात पारशी समाजाचा वेगळा भाग आहे. जमशेटजी टाटा तिथे चिरविश्रांती घेत आहेत. १९०४ मध्ये जर्मनीत त्यांचं निधन झालं आणि त्यांना इथे आणलं. त्यांचे मुलगे दोराबजी आणि रतनजीही तिथेच आहेत. माझे वडील जमशेदपूरला पस्तीस वर्षं नोकरीला होते. ते इथे आले तेव्हा आम्ही याच वाटेने चालत गेलो. त्यांनी वाटेत कुंपणाची दोन रानफुलं तोडून घेतली, पायरीवर ठेवली आणि हात जोडले. परत येताना स्टेशनपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत.

एप्समहून

चुकलेली वाट लिहायला सांगितलीत, तर माझी घ्या. कुणाला उपयोग झाला तर बरं.

डिसेंबरचा रविवार. मी आणि माझा नऊ वर्षांचा मुलगा कोल्डहार्बर गावातून लीथ हिलवर गेलो. उंची २९४ मीटर, म्हणजे सह्याद्रीच्या हिशेबाने फार नाही, आणि मी त्याच हिशेबाने निघालो. वर रिचर्ड हल नावाच्या गृहस्थांनी १७६५ मध्ये बांधलेला मनोरा आहे. ते स्वतः त्याच्याखालीच पुरलेले आहेत. मुलाला हे फार आवडलं, त्याने दहा प्रश्न विचारले. गरम चहा घेतला, केक खाल्ला, निघायला तीन वाजले. उतरताना एका फाट्यावर मी डावीकडे वळायचं ते उजवीकडे वळलो. इकडे डिसेंबरात चारच्या आधी सूर्य मावळतो आणि पाइनच्या जंगलात त्याहून आधी अंधार होतो. चिखल घोट्यापर्यंत. फोनवर नकाशा होता, पण थंडीत बॅटरी झपाट्याने उतरली आणि फोन बंद पडला. मुलगा रडला नाही, फक्त माझा हात घट्ट धरला. त्या हाताची पकड मला आजही कळते.

अखेर टॉर्च घेऊन कुत्र्याला फिरवणारे एक गृहस्थ भेटले. आमच्यासोबत पाऊण तास चालत त्यांनी आम्हाला गाडीपर्यंत सोडलं. तेव्हापासून ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा कागदी नकाशा, टॉर्च आणि जास्तीचे मोजे माझ्या पाठपिशवीत कायम असतात. एक्सप्लोरर मालिकेचा घ्या. त्यात प्रत्यक्षातला एक किलोमीटर कागदावर चार सेंटिमीटर दिसतो, शेताची कुंपणंसुद्धा कळतात आणि पायवाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात.

हॅझलमिअरहून

मी इथे २००४ पासून आहे. हाइंडहेडच्या सिग्नलला पोर्ट्समथ रस्त्यावर किती संध्याकाळी रांगेत बसून काढल्या त्याला गणती नाही. शेजारी डेव्हिल्स पंच बोल नावाची प्रचंड वाडग्यासारखी दरी होती, पण गाडीतून दिसायचा तो फक्त पुढच्या ट्रकचा मागचा भाग. २०११ मध्ये टेकडीखालून बोगदा झाला आणि जुना रस्ता उखडून रानाला परत दिला.

ऑगस्टच्या शेवटी तिथे या. हेदर नावाचं झुडूप फुललेलं असतं, कास पठारावरून आलेल्या माणसाला घरी आल्यासारखं वाटावं इतका जांभळा पसारा. जिथे गाड्यांचा धूर होता तिथे आता चंडोल ऐकू येतो. गेल्या वर्षी मी त्या जुन्या रस्त्याच्या रेषेवर मुद्दाम खाली बसलो, मातीत बोटं घातली. खाली डांबराचा कणही लागला नाही.

रेडहिलहून

फक्त ब्लूबेल या रानफुलाबद्दल. एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत बीचची कोवळी पानं येता येता जंगलाच्या जमिनीवर निळाई पसरते. फोटोसाठी कृपा करून फुलांत शिरू नका, पोरांनाही बसवू नका. पानं तुडवली गेली की जमिनीतल्या कंदाला पोसणारं काही उरत नाही आणि तो तुकडा सावरायला वर्षं लागतात. वाटेवरूनही फोटो छान येतात. आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे गोचीड आहे का ते बघा.

पुण्याहून

सगळं वाचून काढलं, डॉर्किंगच्या ताईंचं दोनदा. मी मे महिन्यात लेकीकडे गिल्डफर्डला येतेय. गुडघे दुखतात, चढ नको. माझ्याजोगती वाट आहे का?

गिल्डफर्डहून

काकू, आहे ना. वे नदीचा काठ. गिल्डफर्ड ते गोडालमिंग, सुमारे सात किलोमीटर, चढ जवळजवळ नाहीच. ही नदी १६५३ मध्येच बोटींसाठी तयार केली होती आणि १७६४ मध्ये गोडालमिंगपर्यंत वाढवली. आता नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. गाव सोडल्यावर लवकरच उजवीकडे टेकडीवर सेंट कॅथरीनचं भग्न देऊळ दिसतं, चढायची गरज नाही, खालूनच बघा. पुढे कुरणं, गाई, मेमध्ये हंसाची पिल्लं. पिल्लं असतील तर थोडं लांबून जा, नर अंगावर येतो. गोडालमिंगला पोचलात की स्टेशन जवळच आहे, गाडीने परत. रविवारी गाड्या कमी असतात, वेळ बघून निघा. आणि निघायच्या आदल्या दिवशी मला कळवा, मी येते सोबत. अर्ध्या वाटेत बाकावर बसून चहा घेऊ, थर्मास माझा.