प्रजाती, जाती, वंश की सरळ जीनस?

पानगळ : भाषांतराच्या पहिल्याच वाक्याला अडकलेय; इंग्रजी ‘जीनस’ला, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला, मराठीत काय म्हणायचं? ‘ट्रायडॅक्स ही सूर्यफूल कुलातली एक छोटी प्रजाती आहे’ असं लिहिलं, तर तपासणाऱ्यांनी समासात विचारलंय, ‘छोटी म्हणजे किती इंच?’ अहो, गट लहान आहे, रोप नव्हे!

खडूफळा : त्यांचं काय चुकलं? वर्तमानपत्रं ‘नव्या प्रजातीचा शोध’ छापतात तेव्हा म्हणायचं असतं जाती, म्हणजे स्पीशीज. मराठी विश्वकोशात प्रजाती वर, जाती तिच्या पोटात. सेनेसिओ, म्हणजे आपल्या सोनकीची प्रजाती, तिच्यात हजारावर जाती. ट्रायडॅक्समध्ये जेमतेम ३०-४०. ‘मोजक्या जातींची प्रजाती’ लिहा.

कुंपण : त्यापेक्षा ‘वंश’ घ्या. हिंदीत तोच चालतो.

खडूफळा : मग मागोमाग त्यांची ‘प्रजाति’ही येईल, आणि ती तिकडे स्पीशीज! हा घोळ तिकडूनच आला असा माझा जुना संशय आहे.

तिठा : सरळ ‘जीनस’ लिहून मोकळ्या व्हा. बस, टेबल चालतं ना?

पानगळ : आई विचारेल, किराण्यातला जिन्नस का?

ओसरी : ट्रायडॅक्स म्हणजे दगडी पालाच ना? गुडघा फुटला की आजी तळहातावर चुरडून हिरवा रस पिळायची. जखमेपेक्षा तोच जास्त झोंबायचा.

कुंपण : आमच्याकडे एकदांडी. वीतभर देठ, टोकाला एकच फूल. बघा, अमेरिकेतून आलेल्या तणाला लोकांनी अशी चपखल नावं दिली, आणि आपल्याला एका जीनससाठी शब्द सापडेना.

खडूफळा : फूल नव्हे, स्तबक, म्हणजे इवल्या फुलांचा गुच्छ. मधे पिवळी बिंब-पुष्पकं दाटीने, कडेला चारपाच फिकट किरण-पुष्पकं, प्रत्येकाच्या टोकाला बहुधा तीन दाते.

कुंपण : म्हणूनच ‘ट्राय’!

खडूफळा : ग्रीकमध्ये ‘थ्रिडॅक्स’ म्हणजे लेट्यूस. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसने १७५३मध्ये जुनंच नाव उचललं.

कुंपण : लेट्यूसशी काय संबंध? दाते तर डोळ्यांना दिसतात.

तिठा : लोक त्याला फूलच म्हणणार. ‘स्तबक’ म्हणून कोणी वेणीत माळलंय?

ओसरी : एकदांडी तरी कोण माळतं! बरं, कंबरमोडी हेही तिचंच नाव ना? कंबर कोणाची मोडते?

कुंपण : देठाची. मधेच वाकतो तो.

ओसरी : छे, खुरपणाऱ्याची.

पानगळ : मंडळी, मला उद्या मजकूर द्यायचाय.

तिठा : खुरपणाऱ्याची हे पटलं.