मुलगा आर्मीत, वय 19, बॅरॅकमध्ये बिअर सापडली. आर्टिकल 15 म्हणजे नक्की काय?

मुलाचीआई:
नमस्कार मंडळी. आम्ही अमेरिकेत असतो. मुलगा हायस्कूल संपल्यावर कॉलेजला न जाता आर्मीत भरती झाला. बेसिक ट्रेनिंग, पुढचं एआयटी (नेमून दिलेल्या कामाचं ट्रेनिंग), सगळं नीट पार पडलं. आता पहिल्या पोस्टिंगवर आहे.

परवा फोन आला. शनिवारी रात्री मित्राच्या खोलीत चौघं बसले होते, ड्यूटीवरच्या सार्जंटने दार वाजवलं. सिंकमध्ये बर्फ भरून त्यात बिअरचे कॅन ठेवलेले, लपवायलाही वेळ मिळाला नाही म्हणे. दारूसाठी इथे वय 21 लागतं, आणि चौघांपैकी एकच 21 पूर्ण. आता कंपनी कमांडर आर्टिकल 15 देणार असं कानावर आलंय. मारामारी नाही, गाडी चालवलेली नाही.

नवरा म्हणतो लगेच बाहेरचा वकील लावू. सासरे म्हणतात, 18 व्या वर्षी सरकार हातात रायफल देतं आणि बिअरला नाही म्हणतं, हा कुठला न्याय? आणि मुलगा म्हणतो, "आई, इथे सगळेच पितात." मला या तिसऱ्या वाक्याने झोप येत नाहीये. कुणाला अनुभव आहे का? मी त्याच्या कमांडरला फोन करावा का?

टिकोजीराव:
सासरेबुवांचा मुद्दा जुना आहे आणि एकदा जिंकलेलाही आहे. व्हिएतनामच्या काळात "लढायला चालतो तर मत द्यायला का नाही" म्हणत 1971 मध्ये 26 वी घटनादुरुस्ती झाली, मतदानाचं वय 18 वर आलं. त्याच लाटेत बऱ्याच राज्यांनी दारूचं वयही खाली आणलं. मग तरुण पोरांचे रस्त्यावरचे अपघात वाढले आणि 1984 मध्ये रेगन यांनी कायद्यावर सही केली: वय 21 करा, नाहीतर महामार्गाचा निधी कापू. राज्यं एकेक करून वळली. तळावर साधारणपणे त्या त्या राज्याचंच वय लागू असतं. मेक्सिको किंवा कॅनडाच्या सीमेपासून 50 मैलांच्या आतल्या तळांसाठी कायद्यात पळवाट आहे, पण मुलगा तिथे नसेल तर उपयोग शून्य.

जुनासार्जंट:
ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. कमांडरला फोन अजिबात करू नका. कमांडर तुमच्याशी अदबीने बोलेल, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या प्लाटूनला कळलेलं असेल की अमक्याच्या आईचा फोन आला होता. दोन आठवड्यांची शिक्षा संपते, हे संपत नाही.

मी बरीच वर्षं एनसीओ (सार्जंट वगैरे) होतो, असे कागद टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलेत. रायफलचा युक्तिवाद प्रत्येक नवं पोरगं करतं. अहो, ती रायफल आर्म्स रूममध्ये कुलपात असते, सही करून मिळते आणि नंबर तपासून परत घेतली जाते. बिअरची तशी सोय कुणी करत नाही.

आता कामाचं. आर्टिकल 15 हे लष्करी कायद्यातलं कलम, पण ते म्हणजे कोर्ट मार्शल नव्हे. कमांडरने आपल्या पातळीवर दिलेली शिक्षा, गुन्हेगारी रेकॉर्ड नाही. पण तिचेही प्रकार आहेत, आणि त्याला कुठला मिळतोय हे आधी कागदावर बघायला सांगा. 2627-1 नंबरचा फॉर्म असेल तर तो सगळ्यात सौम्य: जास्तीत जास्त 14 दिवस एक्स्ट्रा ड्यूटी (जादा काम), 14 दिवस रिस्ट्रिक्शन (ठरवून दिलेल्या जागांबाहेर जायचं नाही), रँक आणि पगार शाबूत. नुसता 2627 असेल तर कंपनी कमांडर सात दिवसांचा पगार आणि एक रँक काढू शकतो. तोच कागद त्याच्या वरच्या बटालियन कमांडरकडे गेला तर 45 दिवस एक्स्ट्रा ड्यूटी, दोन महिने अर्धा पगार आणि रँक थेट सगळ्यात खालची. खोलीतल्या बिअरसाठी, पहिल्याच वेळी, तिथवर सहसा कुणी जात नाही. पण मुलगा उर्मटपणा करत असेल तर मी पैज लावणार नाही.

नुसता 2627 असेल तर सही करण्याआधी वकिलाशी बोलायचा त्याला हक्क आहे. बाहेरचा वकील आत्ता नको. ट्रायल डिफेन्स सर्व्हिस म्हणजे सैनिकांची बाजू मांडणारी शाखा; तिचे वकील आर्मीचेच, पण त्याच्या कमांडरच्या हाताखालचे नाहीत, आणि फुकट आहेत. आर्टिकल 15 नाकारून कोर्ट मार्शल मागायचाही हक्क आहे. तो कागदावर मोठा मर्दानी दिसतो. वकिलाने स्पष्ट सांगितल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये, तिथे हरला तर फेडरल शिक्षेचा शिक्का बसू शकतो.

आणि त्याने कुणालाही खोटं सांगू नये. चौकशीत गप्प बसायचा हक्क त्याच कायद्याचं आर्टिकल 31 देतं. पण "कॅन माझे नव्हते" असं लेखी देऊन नंतर उघडं पडलं, तर बिअरचं प्रकरण राहतं बाजूला आणि खोट्या जबाबाचं आर्टिकल 107 लागतं. एका कॅनपायी पोरांनी हे ओढवून घेतलेलं मी पाहिलंय.

"सगळेच पितात" याबद्दल. सगळे पीत नाहीत, पण बॅरॅकमध्ये पिणाऱ्यांचाच आवाज मोठा असतो. घर पहिल्यांदाच सुटलेलं, पगार हातात, शनिवारी जायला ठिकाण नाही, गाडी नाही, आणि शेजारच्या खोलीत 22 वर्षांचा स्पेशलिस्ट (थोडा वरच्या रँकचा सैनिक) आणून द्यायला तयार. ट्रेनिंगमध्ये महिनोन्महिने थेंब नसतो, म्हणून पहिल्या पोस्टिंगवरचे पहिले काही महिने सगळ्यात वाईट. किती पितो हे त्याला विचारू नका, खोटं सांगेल. कोणाबरोबर, कधी, आणि एकटा असताना पितो का, हे विचारा.

रात्रपाळी:
मी इमर्जन्सीत नर्स आहे, आमच्याकडे जवळच्या तळावरची मुलं येतात. शिक्षेपेक्षा मला दुसरीच काळजी वाटते. लपून पिणारी मुलं भराभर पितात, कारण दार कधी वाजेल सांगता येत नाही. आणि कुणी आडवा झाला की मदत बोलवायला घाबरतात, कारण मग सगळेच अडकणार. "झोपू दे, उतरेल" म्हणून खोलीत ठेवून देतात.

मुलाला एवढं नक्की सांगा. हलवूनही जाग येत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी असेल किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांचं अंतर पडत असेल, अंग गार पडून ओठ निळसर दिसत असतील, तर 911. लगेच. तोवर कुशीवर वळवून ठेवायचं, एकटं सोडायचं नाही. पिणं थांबल्यावरही पोटातली दारू रक्तात जातच असते, त्यामुळे अर्ध्या तासापूर्वी बडबडणारा आता बरा आहे असं नसतं.

दुसरं म्हणजे सकाळची पीटी, म्हणजे कवायत-धावणं. रक्तातलं अल्कोहोल तासाला साधारण 0.015 टक्के इतकंच उतरतं; कॉफी, थंड शॉवर, कशानेही वेग वाढत नाही. रात्री एकला 0.15 टक्के असेल तर सकाळी साडेसहाला फॉर्मेशनमध्ये (रांगेत हजेरीला) तो अजून प्यायलेलाच आहे. त्यात उकाड्यात चार मैल पळवलं की अंगातलं पाणी आधीच कमी असतं. उष्माघाताने आणलेल्या मुलाला "काल प्यायला होतास का" हा प्रश्न आम्ही म्हणूनच आधी विचारतो, आणि तो आधी "नाही" म्हणतो.

मुलाचीआई:
सगळ्यांचे आभार. फॉर्म 2627-1 आहे, फोटो पाठवलाय त्याने. कमांडरला फोन केला नाही. नवऱ्याने वकिलाचा विषय तूर्त बाजूला ठेवलाय. रात्रपाळीताईंचा मजकूर मी जसाच्या तसा मुलाला पाठवला. त्याने नुसता अंगठा पाठवला, पण नंतर स्वतःहून सांगितलं की गेल्या महिन्यात एकाला त्यांनी खरंच रात्रभर तसंच खोलीत ठेवलं होतं. वाचला तो.

एक राहिलं. त्याला तपासणीसाठी पाठवणार आहेत, दारूच्या कार्यक्रमात. ही आणखी एक शिक्षा का?

जुनासार्जंट:
नाही. दारूचा प्रकार घडला की कमांडरला तपासणीला पाठवावंच लागतं, आर्मीचा नियमच तसा आहे. समुपदेशक बोलून ठरवतात की पुढे काही लागेल की नाही. पहिल्या वेळच्या पुष्कळ मुलांना एका वर्गावर सोडतात. तिथे त्याने खरं बोलावं.

आणि तो रात्रभर खोलीत ठेवलेला मुलगा अजून त्याच चौघांत आहे का, ते विचारा.